दोन दिवे, एक गुण : अव्वल तलवारबाज घडतो कसा

तलवारबाजीचा सामना पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुधा एकाच ठिकाणी अडकतो. दोन्ही खेळाडू एकमेकांवर झेपावतात, एक लाल आणि एक हिरवा असे दोन दिवे एकदमच लागतात, दोघंही मूठ आवळून ओरडतात, आणि पंच हातांनी चार खुणा करून गुण एकालाच देतो. का, ते कळत नाही. ते कळलं की या खेळाडूंचं एरवीचं आयुष्यही बरंचसं उलगडतं. त्यांची कारकीर्द ठरते ती अशाच बारीक फरकांवर: सेकंदाचा पंचविसावा भाग, साखळीत हरताना मिळवलेला एखादा गुण, क्रमवारीतली एखादी जागा.

हत्यार निवडलं की खेळ ठरतो

ऑलिंपिकमध्ये फॉइल, एपे आणि सेबर ही तीन हत्यारं आहेत. लहानपणी मुलं दोन-तीन हाताळून पाहतात, पण वरच्या पातळीवर जवळजवळ प्रत्येक जण एकाच हत्याराचा असतो. तिन्हींचे नियम इतके वेगळे आहेत की एकाची सवय दुसऱ्यात नडते.

फॉइलचं वजन जास्तीत जास्त ५०० ग्रॅम. वार फक्त टोकाने आणि फक्त धडावर. टोकात स्प्रिंग असते आणि ५०० ग्रॅमपेक्षा जास्त दाब पडला तरच दिवा लागतो. हातावर, पायावर लागलं तर पांढरा दिवा लागतो, खेळ थांबतो आणि गुण कोणालाच मिळत नाही. एपे जड, ७७० ग्रॅमपर्यंत. त्याचं टोक ७५० ग्रॅमच्या दाबाला बसतं आणि डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत कुठेही वार चालतो. सेबरमध्ये कमरेच्या वरचा भाग लक्ष्य असतो आणि टोकाबरोबरच पात्याच्या कडेनेही वार करता येतो.

आता दिव्यांकडे येऊ. एका खेळाडूचा वार नोंदला गेल्यावर यंत्र दुसऱ्याच्या वाराची थोडा वेळ वाट पाहतं, मग दार बंद. एपेत ही मुदत ४० ते ५० मिलिसेकंद आहे. तेवढ्यात दोघांचे वार लागले तर दोघांनाही गुण. त्याहून उशीर झाला तर दुसऱ्याचा दिवा लागतच नाही. म्हणून एपेत पंचाला अर्थ लावायचं काम फारसं उरत नाही.

फॉइलमध्ये मुदत ३०० मिलिसेकंद, सेबरमध्ये १७०. एवढ्या वेळात दोन दिवे लागणं नेहमीचंच. तिथे प्रश्न असतो तो हल्ल्याच्या हक्काचा. ज्याने आधी हात पुढे नेत, लक्ष्याला धमकावत हल्ला सुरू केला, त्याचा हक्क. समोरच्याने तो वार पात्याने अडवला की हक्क त्याच्याकडे जातो आणि त्याचा प्रतिवार वरचढ ठरतो. हल्ला हुकला, हात मध्येच मागे आला, तरीही हक्क जातो. दोन दिवे लागल्यावर पंच हा क्रम मनात परत लावतो आणि खुणांनी सांगतो: हल्ला, अडवला, प्रतिवार, गुण. सेबरची मुदत २०१६ पर्यंत १२० मिलिसेकंद होती. तेव्हा वार अडवला गेला तरी हल्लेखोर तिथेच पुन्हा टेकवून समोरच्याचा दिवा बंद पाडू शकायचा. मुदत वाढल्यावर अडवणाऱ्याला श्वास मिळाला. एका आकड्याने एका पिढीची सवय बदलावी लागली.

वेग हवाच, पण तो दुय्यम

डोळ्याने पाहिलेल्या साध्या खुणेला हाताने प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. दोन-तीन पर्यायांतून निवड करायची असेल तर त्याहून जास्त. जवळच्या अंतरावरून सुटलेला वार तेवढ्या वेळात अंगावर येऊन पोचलेला असतो. म्हणजे वार दिसल्यावर अडवू म्हणणारा खेळाडू कायम उशिरा पोचतो. अव्वल खेळाडू वार पाहत बसत नाही. तो अंतर, खांद्याची हालचाल, पुढच्या पायाची लय वाचून काय येणार याचा अंदाज बांधतो, आणि समोरच्याचा अंदाज चुकेल अशी तजवीज करतो.

म्हणून या खेळाचं खरं मूळ अंतरात आहे. पीस्ट, म्हणजे खेळाची पट्टी, १४ मीटर लांब आणि दीड ते दोन मीटर रुंद असते. पवित्रा घेऊन पावलं मागेपुढे करत दोघंही एकच गोष्ट शोधत असतात: मला पोचेल पण त्याला पोचणार नाही असं अंतर. पुढचा पाय झेपावत टाकून मागचा पाय ताठ करायचा, या हालचालीला लंज म्हणतात. नवशिका आधी पाय टाकतो आणि मग हात सोडतो. त्यात दोन नुकसानं होतात. लक्ष्य उघडं पडतं, आणि पंचाच्या नजरेत हल्ला उशिरा सुरू होतो. हात आधी, पाय नंतर, हा क्रम अंगवळणी पडायला वर्षं जातात आणि दमल्यावर तोच आधी बिघडतो.

वरच्या पातळीवर पहिला वार बहुतेक वेळा खोटा असतो. हूल द्यायची, समोरच्याने अडवायला हात हलवला की त्याच्या पात्याखालून निसटून दुसरीकडे मारायचं. त्याहून पुढची पायरी म्हणजे मुद्दाम अडवता येईल असा हल्ला करायचा, त्याचा प्रतिवार येऊ द्यायचा आणि तो अडवून गुण घ्यायचा. पाहणाऱ्याला वाटतं हल्ला फसला. खरं तर तो फसायलाच सोडलेला असतो.

डावखुऱ्यांचं प्रमाण समाजापेक्षा अव्वल तलवारबाजांत जास्त दिसतं. उजव्या हाताच्या खेळाडूला सरावात डावखुरे कमी भेटतात, त्यामुळे त्यांचे कोन त्याला परके वाटतात. चांगले प्रशिक्षक म्हणूनच धडे देताना अधूनमधून हात बदलतात.

सरावाचा आठवडा

सरावाचे चार भाग असतात: पावलांचा सराव, प्रशिक्षकाबरोबर एकट्याचा धडा, सराव सामने आणि ताकदीचा व्यायाम. यातला धडा ही या खेळाची खास गोष्ट. साधारण २० ते ४० मिनिटं प्रशिक्षक जाड चामड्याचं जाकीट घालून समोर उभा राहतो, संधी देतो, खेळाडूने ती योग्य क्षणी घ्यायची. चांगल्या धड्यात एकच हालचाल शंभरदा होते आणि दर वेळी अंतर किंवा लय किंचित बदललेली असते. जोडीला स्वतःचे आणि प्रतिस्पर्ध्यांचे व्हिडिओ पाहणं आलंच. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची टिपणवही ठेवणारे खेळाडू बरेच आहेत: दबावाखाली काय करतो, बरोबरी असताना कुठे मारतो, कोणत्या बाजूने अडवतो.

हा खेळ शरीराला एका बाजूला ओढतो. पुढच्या पायाची मांडी आणि हत्याराचा हात जास्त जाड होतात, कंबर सतत वळलेली राहते. दुखापतीही त्याच वाटेने येतात: पुढच्या पायाचा गुडघा, घोटा, जांघेचे स्नायू, पाठीचा खालचा भाग, मागच्या पायाची टाच. पुढचा गुडघा लंजमध्ये पावलाच्या रेषेत न राहता आत झुकू लागला तर दुखणं ठरलेलंच समजा. हे टाळायला व्यायामशाळेत दुसऱ्या बाजूचं काम मुद्दाम करवून घेतात: एका पायाच्या उठाबशा, मागच्या पायावरचे लंज, पोटाच्या तिरक्या स्नायूंचे व्यायाम. कंटाळवाणं काम आहे आणि म्हणूनच ते सर्वांत आधी सुटतं.

शिवाय उत्तेजक चाचणीच्या नोंदणीतल्या खेळाडूला रोज कुठल्या ६० मिनिटांत आपण कुठे सापडू हे आधी कळवून ठेवावं लागतं. १२ महिन्यांत तीनदा चूक झाली तर तो नियमभंग ठरतो, काहीही न घेता. प्रवास वाढला की ही नोंद बदलायची राहून जाते.

सामान: इथे हरणं सर्वांत लाजिरवाणं

पीस्टवर येताना किमान दोन चालू हत्यारं आणि दोन बॉडी वायर, म्हणजे हत्यार यंत्राला जोडणाऱ्या, कपड्यांच्या आतून जाणाऱ्या तारा, हव्यातच. नसतील तर पिवळं कार्ड. त्यानंतर पुन्हा चूक झाली तर लाल, आणि लाल म्हणजे समोरच्याला फुकटचा गुण. अव्वल खेळाडूच्या पिशवीत चार-पाच हत्यारं असतात.

एपेच्या सामन्याआधी पंच तुमच्या समोरच तपासणी करतो. ७५० ग्रॅमचं वजन टोकावर ठेवतात. दाबलेलं टोक स्प्रिंगने ते वजन उचलून वर यायला हवं. मग १.५ मिलिमीटर आणि ०.५ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्यांनी टोकाची हालचाल मोजतात. पहिली पट्टी आत जायलाच हवी, आणि दुसरी घालून दाबलं तर दिवा लागता कामा नये. स्प्रिंग सैल पडलेली असणं हे नापास होण्याचं नेहमीचं कारण, आणि टोकाचा बारीक स्क्रू ढिला होऊन हरवणं हे दुसरं. म्हणून सामन्याआधी प्रत्येक टोक उघडून साफ करायचं, स्प्रिंग वजनाखाली तपासायची, स्क्रू घट्ट करायचे आणि सुटे स्क्रू खिशात ठेवायचे.

पात्याच्या खाचेत डिंकाने चिकटवलेल्या बारीक तारा असतात. पातं वाकून वाकून डिंकाला तडे जातात, तार उघडी पडते आणि एक दिवस तुटते. अशा वेळी दिवा कधी लागतो, कधी नाही. हे पूर्ण बंद पडण्यापेक्षा वाईट, कारण खेळाडूला शंका हत्याराची न येता स्वतःची येते.

फॉइल आणि सेबरमध्ये वरून धातूच्या तारा विणलेलं जाकीट घालतात, त्याला लामे म्हणतात. घामातल्या क्षाराने या तारा काळवंडतात आणि ठिकठिकाणी वीज वाहायची थांबते. बहुतेकदा काखेजवळ, किंवा जिथे घड्या पडतात तिथे. सामना संपला की ते ओलंच पिशवीत कोंबणं ही सर्वांत महाग सवय. कोमट पाण्यात बुडवून, न पिळता, पसरून वाळवावं.

एक नियम मात्र प्रत्येकाने पाठ करावा. समोरच्याचा गुण नोंदला गेला आणि आपला दिवा लागायला हवा होता असं वाटलं, तर काहीही न काढता, न बदलता तिथेच थांबून पंचाला सांगायचं. प्लग उपसला किंवा हत्यार बदललं, तर बिघाड खरा असला तरी तो गुण रद्द करून घेण्याचा हक्क जातो.

सुरक्षेचे आजचे नियम एका मृत्यूनंतर कडक झाले. १९८२ च्या रोममधल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत सोव्हिएत फॉइलपटू व्लादिमीर स्मिर्नोव याच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याचं पातं तुटलं आणि तुटकं टोक मुखवट्यातून आत गेलं. काही दिवसांनी तो गेला. १९८० चा ऑलिंपिक विजेता होता तो. त्यानंतर मुखवटे, कपडे आणि पाती यांचे निकष बदलत गेले. आज आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जाकिटाचं कापड ८०० न्यूटन आणि मुखवट्याखालचा गळपट्टा १६०० न्यूटन भेदनबळ सहन करणारा लागतो. पाती मॅरेजिंग पोलादाची वापरतात, कारण त्यात पडलेली भेग हळू वाढते. तरी पातं तुटतंच, म्हणून जाकिटाच्या आत वेगळं संरक्षक अस्तर असतं.

स्पर्धेचा दिवस

विश्वचषकाच्या वैयक्तिक स्पर्धेत साधारण दोन दिवस जातात. क्रमवारीतले पहिले १६ जण थेट दुसऱ्या दिवशीच्या ६४ जणांच्या बाद फेरीत असतात. बाकीच्यांना पहिल्या दिवशी सहा-सात जणांच्या साखळीत खेळावं लागतं. सामना तीन मिनिटांचा किंवा पाच गुणांचा, जे आधी होईल ते. साखळ्यांतले सर्वोत्तम १६ थेट ६४ मध्ये जातात, खालचे काही बाहेर पडतात आणि उरलेले त्याच दिवशी बाद सामने खेळून राहिलेल्या ३२ जागांसाठी झुंजतात.

साखळीची क्रमवारी आधी विजयांच्या प्रमाणावर आणि मग मिळवलेल्या व गमावलेल्या गुणांच्या फरकावर लागते. इथे अनुभव दिसतो. ०-४ ने मागे असलेला नवखा मनातून सामना सोडतो. जाणता खेळाडू ३-५ ने हरायची धडपड करतो, कारण त्या तीन गुणांनी बाद फेरीत समोर कोण येणार हे बदलू शकतं. साखळीतले सामने छोटे असतात, लय सापडेपर्यंत संपतात, आणि मोठमोठी नावं इथेच घसरतात.

बाद फेरी १५ गुणांची: तीन मिनिटांचे तीन भाग, मध्ये एकेक मिनिट विश्रांती. सेबरमध्ये घड्याळाचा प्रश्नच येत नाही, एकजण आठ गुणांवर पोचला की विश्रांती. सांघिक सामना तिघांचा, नऊ लढती, ४५ गुणांपर्यंत.

वेळ संपताना बरोबरी असेल तर आणखी एक मिनिट मिळतं, पण त्याआधी चिठ्ठी काढून एकाला प्राधान्य देतात. त्या मिनिटात कोणीच गुण घेतला नाही तर प्राधान्य असलेला जिंकतो. लंडन २०१२ मध्ये एपेच्या उपांत्य सामन्यात कोरियाची शिन आ-लाम ५-५ च्या बरोबरीत प्राधान्य घेऊन उभी होती. घड्याळात एक सेकंद उरला होता, आणि त्या एका सेकंदात एकापाठोपाठ एक झटापटी होऊनही घड्याळ संपेना. शेवटी जर्मनीच्या ब्रिटा हाइडमनचा वार लागला. पीस्ट सोडली तर निकाल मान्य केल्यासारखं होतं, म्हणून दाद मागितल्यावर शिन जवळपास तासभर तिथेच बसून राहिली. निकाल बदलला नाही.

उलट बाजूचं उदाहरण रिओ २०१६ चं. एपेच्या अंतिम सामन्यात कोरियाचाच पार्क सांग-यंग १०-१४ ने मागे होता, समोर हंगेरीचा ४१ वर्षांचा गेझा इम्रे. एपेत दोघांचे वार एकदम लागले तर दोघांना गुण, म्हणजे इम्रेला एक दुहेरी वारही पुरला असता. पार्कला दुहेरी वार परवडणारच नव्हता. त्याने सलग पाच गुण एकट्याने घेतले आणि १५-१४ ने सुवर्ण जिंकलं. हा नियम लक्षात घेतल्याशिवाय त्या पाच गुणांची किंमत कळत नाही.

क्रमवारी आणि ऑलिंपिकची वाट

१७ वर्षांखालील आणि २० वर्षांखालील गटांची जागतिक स्पर्धा दर वर्षी होते. तिथे पदक मिळवलेले कित्येक जण वरिष्ठ गटात हरवतात, कारण तिथे वयाची मर्यादाच नसते आणि समोर दहा-पंधरा वर्षं मुरलेले लोक उभे असतात.

वरिष्ठ क्रमवारीत विश्वचषक स्पर्धेच्या विजेत्याला ३२ गुण, उपविजेत्याला २६, उपांत्य फेरीत हरणाऱ्यांना २०, पहिल्या आठांत राहिलं तर १४ आणि पहिल्या सोळांत ८. ग्रां प्रीत हेच गुण दीडपट, जागतिक अजिंक्यपदात अडीचपट. गुण वर्षभर टिकतात. पुढच्या वर्षी तीच स्पर्धा झाली की जुने गुण जातात. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे सात-आठ महिने बाहेर बसलेला खेळाडू परत येतो तेव्हा त्याची क्रमवारी गळालेली असते, आणि पुन्हा साखळीपासून सुरुवात.

ऑलिंपिकला जायचे दोन रस्ते. टोकियो आणि पॅरिसच्या वेळच्या पद्धतीत प्रत्येक प्रकारात आठ संघ पात्र ठरले आणि त्या संघांचे तिघं वैयक्तिक स्पर्धेतही आपोआप आले. संघ पात्र नसेल तर जागा अगदी मोजक्या: क्रमवारीवर युरोपला दोन, आशिया-ओशियानियाला दोन, अमेरिका खंडांना एक, आफ्रिकेला एक, आणि प्रत्येक विभागाच्या पात्रता स्पर्धेतून एकेक. म्हणजे बलाढ्य संघाच्या देशात खरी लढाई देशातल्या देशातच असते, आणि दुबळ्या संघाच्या देशातला एकटा खेळाडू इतरांच्या निकालांकडे डोळे लावून बसतो. भारताची भवानी देवी टोकियोसाठी अशीच क्रमवारीच्या जागेवर, मार्च २०२१ मध्ये बुडापेस्टच्या विश्वचषकाच्या वेळी निश्चित झाली. कोणते संघ पात्र ठरतात यावर क्रमवारीतून कोणाची नावं वगळली जाणार हे अवलंबून होतं, त्यामुळे सांघिक निकाल तिच्यासाठी महत्त्वाचे होते. ऑलिंपिकमध्ये ती पहिला सामना १५-३ जिंकली आणि पुढचा फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून ७-१५ हरली.

पोट कशावर चालतं

बक्षिसांच्या रकमेवर जगणारा तलवारबाज विरळा. इटलीत अव्वल खेळाडू पोलीस किंवा लष्करी दलांच्या क्रीडा पथकांत नोकरीला असतात. २००० पासून सलग तीन वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकणारी फॉइलपटू वालेंतिना वेझाली पोलीस दलाच्या पथकात होती. कोरियात शहरं आणि संस्था पगारी संघ ठेवतात. अमेरिकेत विद्यापीठांच्या संघांतून वाट जाते आणि शिक्षण चालू राहतं. टोकियो आणि पॅरिसची फॉइल विजेती ली कीफर वैद्यकीय शिक्षण घेत होती. जिथे यातलं काहीच नाही तिथे सामान, प्रवास आणि प्रशिक्षक यांचा खर्च घरावर पडतो. गुणवत्ता असूनही बाहेर पडणाऱ्यांत असे खेळाडू बरेच.

कारकीर्द मात्र लांब चालू शकते. हंगेरीचा अलादार गेरेविच १९३२ ते १९६० अशा सहा ऑलिंपिकमध्ये सांघिक सेबरचं सुवर्ण जिंकला. एपेत वय विशेषकरून पचतं, कारण तिथे वाट पाहणाऱ्यालाही जिंकता येतं. पण भरवसा कोणालाच नाही. २०१२, २०१६ आणि टोकियो अशी सलग तीन वैयक्तिक सुवर्णं जिंकलेला सेबरपटू आरोन सिलाजी पॅरिसमध्ये पहिल्याच सामन्यात ८-१५ हरला.

निवृत्तीनंतर बरेच जण प्रशिक्षक होतात, काही पंच, काही हत्यारं दुरुस्त करणारे. प्रशिक्षक होणं वाटतं तितकं सरळ नाही. वीस वर्षं वार चुकवायला शिकलेल्या माणसाला आता रोज आठ-दहा जणांपुढे उभं राहून, योग्य क्षणी आणि योग्य अंतरावर, वार लागू द्यायला शिकावं लागतं. जिंकण्याची सवय आवरली नाही की विद्यार्थ्याला संधी अर्धा क्षण उशिरा दिसते, आणि तोच उशीर घेऊन तो सामन्यात उतरतो.